स्प्रेडचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये टिकतो का? वाचकांचे प्रश्न

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेज खेळाडूंची निवड, जवळ आला की हाच प्रश्न शब्द बदलून येत राहतो. म्हणून या वेळी एकत्र उत्तरे.

कॉलेजात स्प्रेड (खेळाडू मैदानभर पसरवून आक्रमण करायची पद्धत) खेळलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) एनएफएलमध्ये चालतच नाही म्हणतात. खरे का?

नाही. पॅट्रिक माहोम्स टेक्सास टेक विद्यापीठाच्या ‘एअर रेड’ या स्प्रेडच्याच प्रकारातला; एनएफएलमध्ये 2018 मध्ये 50 टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात) आणि एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. ऐकीव गोष्टींवर मत बनवू नका.

मग आंद्रे वेअर, डेव्हिड क्लिंगलर हे कॉलेजातले क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये का फसले?

दोघेही ह्यूस्टन विद्यापीठाच्या ‘रन अँड शूट’ या पासवर भर देणाऱ्या पद्धतीचे, दोघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांत निवडले गेले. अशा पद्धतीत आकडे फुगतात. आकडे बाजूला ठेवून फिल्म (सामन्यांचे चित्रण) पाहा, शक्यतो जाणत्या कोचसोबत बसून.

शॉटगन (मागे उभे राहून चेंडू घेणे) सोडून सेंटरला, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूला, खेटून उभे राहण्यात एवढे अवघड काय?

शॉटगनमध्ये तो सुमारे 5 यार्ड मागे असतो, नजर बचावावरच राहते. सेंटरमागून स्नॅप (डाव सुरू करणारा चेंडू) घेतला की 3, 5 किंवा 7 पावले मागे जायचे. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये (धावायचे सोंग करून पास) तर बचावाकडे पाठ होते आणि तेवढ्यात सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, जागा बदलतो. तरीही पावले शिकवता येतात.

खरी अडचण पुढे आहे. 2024 मध्ये वरच्या स्तरावरच्या कॉलेजांना हेल्मेटमधून बोलायची परवानगी मिळण्याआधी बऱ्याच कॉलेज स्प्रेडमध्ये सगळे बाजूला उभ्या कोचकडे पाहायचे, तो खुणेने डाव बदलायचा आणि क्वार्टरबॅक एकच बचावपटू वाचायचा, म्हणजे त्याची हालचाल पाहून निर्णय घ्यायचा. एनएफएलमध्ये प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो. ‘माइक’, म्हणजे मधला लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) कोण, संरक्षण कुठल्या बाजूला सरकवायचे, ब्लिट्झ (जादा बचावपटूंची धाड) आला तर चेंडू कुणाकडे, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) झाकला गेला तर दुसरा कुठे, हे सगळे त्याने एकट्याने ठरवायचे. शिवाय आरपीओमध्ये (धाव की पास हे ऐनवेळी ठरवायचा डाव) पास सुटण्याआधी लाइनमनला (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्याला) कॉलेजात 3 यार्ड पुढे जाता येते, इथे 1. हॅश मार्कमधले (मैदानावरच्या ज्या दोन खुणांच्या ओळींमध्ये डाव सुरू होतो, त्यांमधले) अंतर 40 फुटांवरून साडेअठरावर येते, त्यामुळे कॉलेजातली ती ऐसपैस रुंद बाजूही मिळत नाही.

हे एका उन्हाळ्यात अंगवळणी पडत नाही, आणि संघ नेमकी इथेच घाई करतात. याचा मला मनापासून राग येतो. युटाच्या स्प्रेडमधला अ‍ॅलेक्स स्मिथ 2005 मध्ये सर्वांत आधी निवडला गेला. पहिल्या हंगामात 1 टचडाउन पास, 11 इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास); वर पहिली काही वर्षे आक्रमणाचा कोच जवळजवळ दरवर्षी बदलला. स्प्रेडमधूनच आलेला जॅरेड गॉफ 2016 मध्ये सुरुवात केलेल्या सातपैकी सातही सामने हरला. नवा कोच आला आणि 2018 च्या हंगामात तोच सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला. माहोम्स 2017 मध्ये ज्याच्या मागे बसून शिकला, तो हाच स्मिथ! त्या वर्षी माहोम्सने सुरुवात केली ती एकाच सामन्यात. मुलगा स्प्रेडचा आहे का, हे विचारून थांबू नका. त्याला कोण, किती दिवस शिकवणार, तेही विचारा.

उंची 6 फूटच आहे. चालेल?

एनएफएलमधल्या 6 फुटी ड्रू ब्रीसचे चालले.

आम्ही टेक्सासमध्ये असतो. मुलगा हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक आहे. एक खासगी कोच सहा आठवड्यांत ‘एनएफएल-रेडी’ करू म्हणतो. पैसे भरावेत का?

भरू नका. समोर पास रश (क्वार्टरबॅकवर चालून येणारे बचावपटू) नसताना मोकळ्या मैदानावर केलेल्या थ्रोचे व्हिडिओ छान दिसतात, त्यातून बचाव वाचता येतो का ते कळत नाही. आधी शाळेच्या मुख्य कोचशी बोला.

त्याचा खांदा तीन आठवडे दुखतोय. हंगाम संपल्यावर दाखवले तर?

इतके दिवस थांबलातच कसे? आजपासून थ्रो बंद. याच आठवड्यात स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा आणि शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला आजच कळवा.