ॲल्युमिनियमचे मोकळे इलेक्ट्रॉन तीन, तांब्याचा एक. तरी तांबंच जास्त चांगलं वाहक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : धातुबंधात ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन मोकळे सोडतो, तांब्याचा एकच. मग ॲल्युमिनियमची वाहकता तिप्पट हवी. ती तांब्याच्या 61 टक्केच का भरते?

मी वडोदऱ्याला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आणि टेस्टिंगचं काम करतो. आमच्याकडे गिऱ्हाईक किंमत नंतर विचारतं, आधी विचारतं, "कॉपर छे के एल्युमिनियम?" त्यामुळे या दोघांचा झगडा माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

मुक्त इलेक्ट्रॉन सिद्धांतात वाहकता एका गुणाकारातून येते : घनमीटरभर धातूत मोकळे इलेक्ट्रॉन किती, आणि दोन धडकांच्या मधे एकेक इलेक्ट्रॉन सरासरी किती वेळ बिनअडथळा धावतो. तुम्ही पहिला आकडा घेतलात आणि दुसरा दोन्हीकडे सारखाच असेल असं धरलंत. खरं तर पहिलासुद्धा तिप्पट नाही. ॲल्युमिनियमचे अणू जरा ऐसपैस बसतात, म्हणून त्याच्या घनमीटरात सुमारे 18 × 10²⁸ मोकळे इलेक्ट्रॉन मावतात आणि तांब्याच्या 8.5 × 10²⁸. म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. आता मोजलेल्या रोधकतेवरून दुसरा आकडा उलटा काढा. तांब्यात हा वेळ सुमारे 2.5 × 10⁻¹⁴ सेकंद येतो, ॲल्युमिनियममध्ये 0.7 × 10⁻¹⁴ च्या आसपास. दुपटीची कमाई इथे साडेतीन पटींनी बुडाली.

आणि चांदी बघा. तिचाही अणू एकच इलेक्ट्रॉन देतो, घनमीटरातली संख्या तर तांब्याहूनही कमी, 5.9 × 10²⁸. तरी वाहकतेत पहिला नंबर तिचाच.

मग धडक बसते कशाला? 1900 साली पॉल ड्रूडने हा सिद्धांत मांडला तेव्हा त्याला वाटलं, इलेक्ट्रॉन जालकातल्या, म्हणजे अणूंच्या नियमित जाळीतल्या, आयनांवरच आपटत असणार. तसं असतं तर अणूगणिक धडक बसली असती. तांब्यात शेजारचा अणू 0.256 नॅनोमीटरवर असतो, पण साध्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुमारे 39 नॅनोमीटर सरळ जातो, म्हणजे दीडशे अणू ओलांडून. याचा उलगडा 1928 साली फेलिक्स ब्लॉखने केला : इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो, आणि अणूंची मांडणी अगदी नियमित असेल तर हा तरंग तिच्यातून विखुरल्याशिवाय पार होतो. त्याला अडवते ती नियम मोडणारी गोष्ट. परका अणू, मांडणीतली चूक, स्फटिककणांमधली सीमा, आणि सगळ्यात मोठी म्हणजे उष्णतेने होणारी अणूंची थरथर.

पाठ्यपुस्तकं 'इलेक्ट्रॉनांचा समुद्र' दाखवून इथेच का थांबतात, ते मला कळत नाही. खरी गंमत तर इथून सुरू होते. पितळ घ्या. तांब्यात वजनाने 30 टक्के जस्त. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे शंभर अणूंमागे शंभर होते ते 130 च्या घरात गेले. स्फटिकरचना तांब्याचीच राहिली, फलककेंद्रित घन (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू). तुमच्या हिशेबाने वाहकता वाढायला हवी. ती उतरते तांब्याच्या 28 टक्क्यांवर! जस्ताचा प्रत्येक अणू जालकात परका, आणि वाटेत असे परके ठायी ठायी बसलेले. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमधला (टाकीतून वीज बाहेर आणणाऱ्या विद्युतरोधी नळीतला) दांडा पितळेचा असतो, तो अंगाने दणकट ठेवावा लागतो तो यामुळेच. तांब्यात फॉस्फरस अगदी शतांश टक्क्यांत राहिला तरी मीटरवर फरक दिसतो.

थरथरीचा पुरावा टेस्टिंगला मिळतो. तांब्याच्या वाइंडिंगचा रोध 20 अंशांवरून 75 अंशांवर जाताना सुमारे 22 टक्के वाढतो. इलेक्ट्रॉन तेवढेच आहेत, त्यांची धाव आखूड झाली. हा संबंध इतका भरवशाचा आहे की हीट रननंतर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर भारावर तापवून घेतल्या जाणाऱ्या चाचणीनंतर, आम्ही आतलं सरासरी तापमान रोध मोजूनच काढतो. सूत्रात तांब्यासाठी 235 हा स्थिरांक घालायचा आणि ॲल्युमिनियमसाठी 225.

आता राहिला तुमचा मूळ मुद्दा, शुद्ध ॲल्युमिनियममध्येच धाव आखूड का? रचनेला दोष देता येत नाही, दोन्हींची तीच आहे, प्रत्येक अणूला बारा शेजारी. फरक आहे तो इलेक्ट्रॉन आणि थरथर यांच्यातल्या जोडणीत. ॲल्युमिनियममध्ये ती तांब्यापेक्षा घट्ट आहे. गंमत म्हणजे हीच जोडणी अतिवाहकतेला, म्हणजे रोध पूर्ण शून्य होण्याला, लागते : ॲल्युमिनियम 1.2 केल्व्हिनला अतिवाहक होतं, आणि तांबं, चांदी, सोनं ही उत्तम वाहकं कितीही थंड केली तरी होत नाहीत. शिसं याहून बोलकं. वाहक म्हणून सुमार, पण 7.2 केल्व्हिनलाच अतिवाहक.

शिवाय ते 'तीन मोकळे' हेही फार धरून बसू नका. अतिथंड, शुद्ध ॲल्युमिनियमवर जोरदार चुंबकीय क्षेत्रात हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाला आडवा पडणारा विद्युतदाब) मोजला तर विद्युतभाराचं चिन्ह धन येतं, जणू अणूमागे एक विवर, म्हणजे इलेक्ट्रॉनची धन भारासारखी वागणारी रिकामी जागा, वाहतंय. जालकाचा परिणाम सोडून नुसते इलेक्ट्रॉन मोजले की हे समजत नाही; त्याला पट्टा सिद्धांत (जालकात इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जा चालतात ते सांगणारा) लागतो, तो तुम्हाला पुढच्या वर्षी येईलच.

आणि ॲल्युमिनियमला कमी लेखू नका. तेवढाच रोध हवा तर तार छेदाने 1.6 पट जाड लागते, पण तिचं वजन तांब्याच्या निम्मं भरतं. म्हणून टॉवरवरच्या लाइनला ॲल्युमिनियम, आतून ताणासाठी पोलादी गाभा. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत मात्र जागेचे पैसे पडतात, तिथे तांबं परवडतं.