आत्मभान की आत्मजागरूकता?

'सेल्फ-अवेअर एआय' याला मराठीत 'आत्मजागरूक कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणावे की 'आत्मभान असलेली', असे एका वाचकाने विचारले आहे. यातला पहिला शब्द हल्ली व्याख्यानांतून इतका कानांवर आदळतो, की तोच आधी निकालात काढतो. जागरूक म्हणजे जागा, सावध. दुकानाबाहेरचा कॅमेरा रात्रभर जागरूकच असतो, पण त्याला स्वतःचा पत्ता नसतो. 'जाणीव' आणि 'चेतना' यांचे अर्थ कोणत्याही कोशात सापडतात, त्यांत शिरत नाही.

खरा आनंद आहे तो 'भान' या शब्दात. संस्कृत 'भा' म्हणजे प्रकाशणे. प्रभा, आभा, प्रतिभा, भानू ही सगळी त्याच घरची, आणि ज्यातून 'भास' आला तो 'भास्' धातूही त्याचाच सख्खा भाऊ. 2022 साली गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी लॅम्डा ही संवादप्रणाली सचेतन असल्याचे जाहीर केले आणि कंपनीने ते नाकारले, तेव्हाचा वाद या भावंडांमधलाच होता: यंत्राच्या बोलण्यात दिसले ते भान, की ऐकणाऱ्याला झालेला तो भास?

मराठीतले 'भान' म्हणजे नुसती शुद्ध नव्हे, याचा पुरावा आम्हा बडोदेकरांना घरबसल्या मिळतो. दांडिया बाजारात आमच्या शेजारची मुलगी एकदा भर उन्हाळ्यात धावत आली आणि गुजरातीत म्हणाली, "दादा बेभान थई गया!" दादा म्हणजे तिचे आजोबा. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला वाटले, ते कोणावर तरी भडकले आहेत. प्रत्यक्षात ते उन्हाने बेशुद्ध पडले होते. मराठीतला बेभान माणूस टक्क जागा असतो. आपण कोण, कुठे आणि कोणासमोर आहोत, एवढेच तो विसरलेला असतो. म्हणूनच 'भान' आणि 'शुद्ध' यांना एकाच ओळीत बसवून मोकळे होणारे कोशकार मला मुळीच पटत नाहीत. माझ्या मते मराठीने या शब्दात चारचौघांना आणून बसवले आहे: वेळेचे भान, नात्याचे भान, भान राखून बोलणे.

असा शब्द यंत्राला बहाल करताना हात आखडता घ्यावा. ज्याला भान असते त्यालाच "भान ठेवून वाग" असे बजावता येते, आणि ते सुटले की दोषही त्याच्याच माथी येतो. उद्या कर्ज नाकारताना किंवा रोगनिदान करताना एखादी प्रणाली चुकली आणि तिला आत्मभान असल्याचे आपण आधीच लिहून बसलो असलो, तर ती घडवणारे आणि वापरणारे अलगद सुटतील. तेव्हा शब्द 'आत्मभान' हाच घ्यावा, पण लिहिताना 'आत्मभान असलेली' असे न लिहिता 'आत्मभान असल्याचा दावा केला जातो अशी' एवढे लांबलचक लिहिण्याचे कष्ट घ्यावेत.