आजीची ट्रंक उघडताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीची पत्र्याची ट्रंक तुझ्याकडे आली, आता दिवाळीच्या आत सगळं धुऊन-पुसून लख्ख करणार असं तू कळवलंस. धुण्या-पुसण्याचा बेत तेवढा थांबव. जुन्या वस्तू वर्षानुवर्षं अंधारात तग धरतात आणि हौसेच्या पहिल्या आठवड्यात बिघडतात.

जमिनीवर धुतलेली जुनी चादर अंथर. ट्रंकेतला एकेक थर उचलण्याआधी वरून मोबाइलवर फोटो काढ. कोणता फोटो कोणत्या साडीच्या घडीत होता, कशाला कोणता वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला होता, हे एकदा विस्कटलं की परत कळत नाही. कागदावरची तारीख टिपून घे आणि मग तो काढून टाक. वर्तमानपत्रातलं आम्ल कापडावर पिवळे डाग पाडतं. प्रत्येक वस्तूला नंबर दे. साडीला सुती नाडीचा तुकडा सैल बांधून त्यावर, फोटोला त्याच्या पाकिटावर. वहीत नंबर, माप, कुठे सापडलं आणि कोणी काय सांगितलं, एवढं लिही.

आता पैठणी. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यामुळे ती दोघींनी मिळून पलंगावर अर्धी-अर्धी उलगडायची. आधी घड्या बघ. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेलं रेशीम तिथेच चिरतं, जरीच्या काठाजवळ तर आधी, कारण ताठ धातू आणि मऊ रेशीम एकाच जागी वाकत असतात. चीर दिसली की साडी ओढायची नाही, खालून हात घालून उचलायची. मग पदर उलटा करून बघ. जुन्या हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून विणतात, म्हणून असावलीची फुलवेल किंवा बांगडी-मोराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर विणकाम वेगळ्या तऱ्हेचं आहे. म्हणून ती साडी टाकाऊ ठरत नाही, फक्त वहीत तसं लिही.

खरी जर म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. मुलामा झिजला की चांदी पांढरी दिसते, हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. तांब्याच्या जरीत झिजेखाली लालसर झाक दिसते, पुढे हिरवट डाग येतात. परीक्षा करायचीच तर आपोआप गळालेल्या तुकड्याची. तो जाळून बघ: प्लास्टिकची जर वितळून गोळा होते, धातूची तार उरते. जुन्या जरीच्या साड्या वजनावर घेणारे दारी येतील. त्यांना चांदी हवी असते, साडी ते जाळतात. त्यांना नाहीच म्हण.

धुवायची नाही, चिरा असतील तर ड्रायक्लीनही नाही. कोरड्या हिवाळी दिवशी सावलीत तासभर वारा दे. गुंडाळायला मांजरपाट घे, पण दोनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण काढ. खळीला कसर येते. कापडाच्या दुकानात गठ्ठ्यातून उरलेल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मिळतात. नळीवर मांजरपाट लपेट आणि मलमलचा थर मध्ये घालत साडी सैल गुंडाळ. नळीला जागा नसेल तर घडीच घाल, पण प्रत्येक मोडीत मलमलची गुंडाळी ठेव आणि दर तीन महिन्यांनी मोडीची जागा बदल. डांबरगोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत, त्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव. प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आतल्या ओलीने बुरशी येते. हँगरही नको, जरीचं वजन खांद्यावरचं रेशीम फाडतं.

नेसायची इच्छा मला समजते. घडीवर पांढरट रेघा दिसत नसतील आणि रेशीम दुमडल्यावर कुरकुरत नसेल, तर दोन-चार तासांच्या समारंभाला नेस. साडीचं अंग विरलेलं असेल तर काठ-पदर उसवून नव्या रेशमावर लावणं मला पटतं. धड साडी कापून लेहंगा शिवणं अजिबात पटत नाही.

आता फोटो. यात घाई कुणाची करायची ते नीट समजून घे. जाड पुठ्ठ्यावर पातळ कागद चिकटवलेला, तपकिरी आणि उजळ भाग पिवळसर, असा फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्यावर तयार केलेला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पुठ्ठा साधारण ६४ × १०० मिलिमीटर असेल तर तो त्या काळच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा, १०८ × १६५ असेल तर ‘कॅबिनेट’ नावाच्या मोठ्या मापाचा. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या गडद कडांवर निळसर चंदेरी चमक दिसेल. ती धूळ नाही. चित्र ज्या चांदीच्या कणांचं असतं, तीच चांदी पृष्ठभागावर आली आहे, पुसलीस तर चित्रच पुसशील. पण सगळ्यांत आधी स्कॅन करायचे ते १९७०-८० मधले रंगीत फोटो. त्यांतला निळसर हिरवा रंग आधी उडतो म्हणून चेहरे लाल होतात, आणि अंधारात ठेवूनही ते थांबत नाही. शंभर वर्षांचा पुठ्ठा थांबेल, मुंजीचा रंगीत अल्बम थांबणार नाही.

पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके), लहान १२०० ने, टिफ फाइलमध्ये, आणि मागची बाजूही स्कॅन कर. स्टुडिओचं नाव, पत्ता, पदकांची चित्रं, कुणाची पेन्सिल, सगळं मागेच असतं. संगणकाने रंग भरलेली प्रत काढायची तर वेगळ्या फोल्डरमध्ये, ‘रंग अंदाजाचे’ असं नावातच लिहून. नातवंडं तोच साडीचा खरा रंग धरून बसतात.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नकोस. ओलीने फुगलेला जिलेटिनचा थर काचेला धरून वाळलेला असतो, ओढलास की चेहरा काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन कर. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर दातांत फिरवायचा पातळ धागा त्याच्या मागून हळूहळू सरकव. बुरशीवर ओलं फडकं कधीच नाही: बुरशी जिलेटिन पचवते, पचलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि फडक्याबरोबर चित्र निघून येतं. कोरड्या जागी दोन दिवस राहू दे, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ कोरड्या ब्रशने झटक. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास असेल तर ती बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी ठेव. हे सगळं पुढे कागदी पाकिटांत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या स्टीलच्या कपाटात, मधल्या खणात.

फोटोचं वर्ष कपड्यांवरून काढताना जपून. ब्लाउजच्या बाहीवरून किंवा पगडीवरून फोटो कधीच्या आधीचा नाही एवढं कळतं, नंतरचा किती ते नाही. लग्नातला शालू वीस वर्षांनीही स्टुडिओत जाताना नेसला जाई. खुर्ची आणि फुलदाणी तर स्टुडिओचीच. मात्र दोन फोटोंत तोच रंगवलेला पडदा आणि तोच गालिचा दिसला, तर दोन्ही एकाच स्टुडिओतले असण्याची शक्यता मोठी, आणि एकावरचं वर्ष दुसऱ्याला वाट दाखवतं.

समयांना आणि तांब्या-पितळेला चिंच लावण्याआधी कडेने टॉर्च धरून बघ. भांड्यांवर ठिपक्यांनी घातलेली नावं, कधी तारखेसकट, अशा तिरक्या उजेडात वाचता येतात. दर दिवाळीला घासून ती झिजत आली आहेत.

पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोरबाजारात फिरायला लागशील, तेव्हा १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात असू दे. शंभर वर्षांपुढच्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपुढची महत्त्वाची हस्तलिखितं त्यात येतात, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मावसभावाला भेट म्हणूनही नाही.

एक काम मात्र कपाट लावण्याआधीचं. मावशीआजींकडे या रविवारीच जा. मूळ फोटो नेऊ नकोस, ए-फोर कागदावर मोठे प्रिंट काढून ने, त्यांच्या डोळ्यांना ते झेपतील. ‘हे कोण?’ असं विचारलंस तर ‘आठवत नाही गं’ येईल. ‘ही साडी कुणी घेतली होती?’ ‘हा जिना कुठल्या वाड्यातला?’ असं विचार, माणसं त्यांची त्यांची येतील. मोबाइलवर आवाज टिपून ठेव. नावं लिहिताना नुसतं ‘काकू’ लिहू नकोस, माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिही. पाकिटावर मऊ पेन्सिलने, फोटो आत सरकवण्याआधी, नाहीतर दाबाची रेघ चेहऱ्यावर उमटते.

पेन्सिल टू-बी घे. कळावे.

अनेक आशीर्वाद.