लोअर आर्मचे बोल्ट किती टॉर्कने आवळायचे?

खानापुरात घरीच लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे बदलताय आणि बोल्ट किती टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या किती जोराने आवळायचे हा आकडा हवाय, असं तुम्ही विचारलंय. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात बहुधा फक्त चाकाच्या नटांचा आकडा असतो. सस्पेन्शनचे आकडे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. मॉडेल, वर्ष आणि इंजिन जुळणारंच मॅन्युअल घ्या. बेळगावात अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवून विचारा. व्हिडिओतला आकडा ऐकून पाना लावू नका, ब्रेक-सस्पेन्शनमध्ये अंदाज नकोच.

एकक नीट बघा. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.81 न्यूटन-मीटर, 1 फूट-पाउंड म्हणजे 1.36 न्यूटन-मीटर. इथंच जास्त घोळ होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रबरी बुशमधला बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नका. आधी हलका बसवा, गाडी चाकांवर उतरवा, वजन आलं की मग टॉर्क द्या. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत तर फारच लवकर.

मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. नायलॉनवाले (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) नट नवेच घाला.

टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कने आवळायचा पाना) नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये कुणी ओळखीचं असल्यास दिवसभरासाठी मागून आणा. बोल्ट सोडवायला मात्र तो वापरू नका, साधा पाना घ्या.