मँडरिन म्हणजे पाटील नव्हे, मंत्री

प्रश्न थोडक्यात असा. 15व्या ते 18व्या शतकांत व्हिएतनामची खेडी कशी बदलत गेली यावरचा एक इंग्रजी लेख एक ताई मराठीत आणताहेत. त्यातल्या 'मँडरिन'ला त्यांनी 'गावचा मुखिया' केलं आहे. शिवाय बाहेरून येऊन गावात राहिलेल्यांना 'उपरा' म्हटलं तर चालेल का, असं विचारलं आहे.

ताई, आधी तो मुखिया खोडा. पाटील, मोकदम, खोत, गावकार एवढी माणसं घरात असताना हिंदी मालिकांतला हा पाहुणा आपण का बोलावतो, मला कळत नाही. परवा एका व्याख्यानात 'पेशवाईतले मुखिया' ऐकले आणि चहा न घेता घरी आलो.

पण मुखियाच्या जागी पाटील टाकूनही काम होणार नाही, कारण मँडरिन हा गावाचा अधिकारीच नव्हे. व्हिएतनामी माणूस त्याला 'क्वान' म्हणतो. हा राजदरबाराचा नेमलेला, परीक्षा देऊन वर चढलेला अंमलदार. त्याची धाव साधारण 'हुयेन'पर्यंत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या घटकापर्यंत. त्याखाली गाव आपलं आपण पाहायचं. 'फेप वुआ थुआ ले लांग' अशी त्यांची म्हणच आहे: राजाचा कायदा गावच्या रिवाजापुढे हरतो. आपल्याकडे 'गाव करी ते राव न करी' म्हणतात, पण तिचा रोख गावाच्या एकीवर आहे. त्यांची म्हण थेट राजाला कुंपणाबाहेर उभं करते.

आता मुद्द्याचं. 'मँडरिन' हा शब्द चिनी नाही, व्हिएतनामीही नाही. तो आपला आहे. मन् म्हणजे विचार करणे, त्यावरून मंत्र, ज्याच्याशी मंत्र म्हणजे मसलत करायची तो मंत्रिन्. हा संस्कृत शब्द समुद्रापलीकडे मलय भाषेत जाऊन 'मेंतेरी' झाला आणि तिथेच घर करून राहिला. आजही मलेशियाच्या पंतप्रधानाला 'पर्दाना मेंतेरी' म्हणतात. मोठ्याने म्हणून पाहा, प्रधानमंत्रीच ऐकू येतो. इंडोनेशियात मात्र 'मंत्री' बराच खाली उतरला. तिथे खेड्यात सुई टोचायला येतो त्या आरोग्यसेवकालाही मंत्री म्हणतात. शिवकालात तो अष्टप्रधानांतला वाकनीस, दिल्लीत 2017 पर्यंत लाल दिव्याच्या गाडीतला, जावात इंजेक्शनवाला! एका शब्दाच्या वाट्याला इतके जन्म क्वचित येतात.

पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतलं आणि 1511 साली मलाक्का. मलाक्काच्या बंदरात चिनी व्यापारी होते आणि व्यवहाराची भाषा होती मलय. पलीकडच्या चीनमधल्या अंमलदारांबद्दल पोर्तुगीजांनी जे ऐकलं, ते मलय शब्दांतून. 'मेंतेरी'चं 'मांदारिं' झालं, आणि पुढच्या काही वर्षांतच तोमे पिरेश हा पोर्तुगीज मलाक्कात बसून चीनबद्दल लिहिताना हा शब्द सर्रास वापरतो. पुढे पोर्तुगीज जहाजं व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागली तेव्हा शब्द खिशात तयार होता. तिथल्या क्वानलाही तेच लेबल चिकटलं.

यावर दोन मंडळी हमखास हात वर करतात. पहिली म्हणते, पोर्तुगीजमध्ये 'मांदार' म्हणजे हुकूम करणे, म्हणून मँडरिन म्हणजे हुकूम सोडणारा. मोठमोठ्या युरोपीय कोशांनी हे छापलं, एकाचं पाहून दुसऱ्याने. अहो, हुकूम करणाऱ्यासाठी पोर्तुगीजमध्ये सरळ शब्द होते, मग हे विचित्र शेपूट कुठून आलं? 'मांदार'मुळे 'त'चा 'द' झाला असेल, एवढं मी द्यायला तयार आहे. पण म्हणून त्याला बाप म्हणायचं का? दुसरी मंडळी म्हणते, हे चिनी 'मान दा रेन', म्हणजे 'थोर मांचू साहेब'. ऐकायला गोड. फक्त मांचू, म्हणजे चीनच्या उत्तरेकडचे लोक, यांनी बीजिंग घेतलं 1644 साली, आणि शब्द त्याआधी सव्वाशे वर्षं पोर्तुगीज कागदांत खेळतो आहे. नातू आजोबांच्या आधी जन्मला म्हणण्यापैकी हा प्रकार.

'हॉब्सन-जॉब्सन' कोश करणाऱ्या यूल आणि बर्नेल यांनी 1886 सालीच 'मंत्री'चा निकाल दिला होता. आपल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद हेही त्याच बाजूचे. कोकणी, संस्कृत, पोर्तुगीज तिन्ही ज्याला घरच्यासारख्या, त्या गोंयकाराचं म्हणणं ऐकायचं सोडून आपण लंडन-पॅरिसच्या कोशांत डोकं घालतो, याचं मला वाईट वाटतं. जाता जाता: व्हिएतनामीचा पहिला छापील कोश रोममध्ये 1651 साली निघाला, तो करणारे फादर आलेक्सांद्र द रोद 1619 साली गोव्यातच उतरले होते, आणि त्याच वर्षी 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स वारले. एक मराठीवाला गेला, एक व्हिएतनामीवाला आला. दोघांची भेट झाली असती तर काय बोलले असते, या विचाराने मी अधूनमधून झोप घालवतो. आणखी एक: व्हिएतनामच्या भागाला पोर्तुगीजांनी 'कोचीन-चीन' म्हटलं, शेपटाला चीन अशासाठी की आपल्या केरळातल्या कोचीनशी घोटाळा नको.

असो, गावाकडे येऊ. ताईंच्या लेखात जो मुखिया हवा आहे तो 'सा त्रुओंग'. 'त्रुओंग' म्हणजे वडीलधारा, प्रमुख. 'सा' या शब्दाचं मूळ चिनी अक्षर म्हणजे भूमिदेवतेचं ठाण! ठाणाभोवतीची माणसं ती 'सा', आणि मग तेच सरकारी दप्तरातलं गाव झालं. गावाच्या रक्षक देवाला ते 'थान्ह होआंग' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ तट आणि खंदक. म्हणजे गावकूसच देव झालं. त्यांच्या गावाला दगडी कूस नसे, बांबूची दाट जाळी असे, पण देवाचं नाव तटबंदीचं. अशा देवाला 'ग्रामदेवता' म्हणा, बेलाशक.

ले थान्ह तोंग या राजाच्या काळात (1460 ते 1497) सरकारचा हात गावापर्यंत सर्वांत जोराने पोचला. आधी गावावर सरकारी माणूस असे, त्याने तो काढून गावाने निवडायचा 'सा त्रुओंग' आणला आणि जवळच्या भाऊबंदांनी एकाच गावात एकत्र ही जागा धरू नये असा दंडक घातला. भाऊबंदकी तिकडेही होती म्हणायची. 1477 च्या नियमाने गावच्या सामाईक जमिनीचं, 'कोंग दिएन'चं, दर 6 वर्षांनी फेरवाटप ठरलं. ताईंनी याला 'गायरान' केलं आहे, ते चूक. गायरानात गुरं चरतात, इथे भात पिकायचा आणि नोंदलेल्या पुरुषांना दर्जाप्रमाणे वाटे मिळायचे. 'गावची सामाईक शेती' म्हणा. गोव्याचा वाचक गावकारी आठवून लगेच समजेल, पण तोच शब्द वापरू नका, कारण गावकारीत वाटा वंशाने येतो.

पाटील का नको, तेही इथेच. आपली पाटीलकी वतन होती. वारशाने यायची, विकताही यायची, तिच्या मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालायची. सा त्रुओंगकडे वतन नव्हतं. बहुतेक वेळा तो कर गोळा करणारा आणि वरच्यांच्या शिव्या खाणारा माणूस. खरा मान गावच्या दिन्हमध्ये, म्हणजे देवळाचं आणि चावडीचं काम एकत्र करणाऱ्या मोठ्या लाकडी मंडपात, चटया कशा मांडल्या जातात त्यावर ठरे. परीक्षा पास झालेला, निवृत्त होऊन गावी परतलेला क्वान वरच्या चटईवर. गावात मँडरिन राहतो तो असा, मानकरी म्हणून. त्यांची आणखी एक म्हण आहे: गावात सर्वांदेखत मिळालेला एक घास, घरच्या चुलीपाशी मिळालेल्या सूपभर अन्नाच्या तोलाचा. पंगतीच्या पहिल्या पानावरून ज्यांनी भांडणं पाहिली आहेत त्यांना ही समजावून सांगायला नको. सा त्रुओंगला मी 'गावप्रमुख' म्हणेन. शब्द जरा कोरडा आहे, पण खोटं बोलत नाही. 1828 साली राजा मिन्ह मांगने त्याचं नाव 'ली त्रुओंग' केलं, तुमचा लेख तिथवर जात नसेल तर सोडून द्या.

आता उपरा. मधल्या काळात गाव आतून बंद होत गेलं. 1627 ते 1672 उत्तरेचं त्रिन्ह आणि दक्षिणेचं न्गुयेन ही घराणी लढत होती. 1660 च्या दशकात त्रिन्ह राजवटीने गावाची करनोंद एकदाच पक्की करायची पद्धत आणली: जन्मले म्हणून वाढ नाही, मेले म्हणून सूट नाही. आकडा ठरलेला, तो कोणी किती भरायचा हे वरच्या चटईवरचे ठरवणार. कोणावर किती ओझं पडलं असेल, याचा अंदाज गावात राहिलेल्या कोणालाही येईल. 1723 च्या सुमारास खाजगी जमिनीवरही कर आला. 1740 च्या दशकात दुष्काळ आणि बंडं. माणसं गावं सोडून भटकायला लागली आणि दुसऱ्या गावांच्या कडेला वसली. त्यांना 'न्गू कू' म्हणत. त्यांना सामाईक शेतीत वाटा नाही, दिन्हमध्ये चटई नाही. गावची दवंडी पिटणारा 'मो' बहुधा यांच्यातलाच. आत यायचं तर दोन-तीन पिढ्यांची वस्ती आणि थोडी जमीन लागे.

याच काळातली एक गोष्ट लेखात असेल तर गाळू नका. गाव कर्जात, मंडप दुरुस्तीला आलेला, तेव्हा पैसा आणि जमीन देणाऱ्यांना गाव 'हाउ' करून घेई, म्हणजे मरणानंतर देवाच्या शेजारी नैवेद्य मिळणारे. शब्दाचा अर्थ 'नंतरचे'. त्यांत बायका पुष्कळ, आणि त्यांचे करार शिळांवर कोरलेले आहेत. चटईवर जागा न मिळणाऱ्या बाईने देवाशेजारी जागा विकत घेतली. याला मराठीत एक शब्द मला सापडलेला नाही. 'हाउ' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

'उपरा' चालणार नाही. तो आज मनातल्या परकेपणाचा शब्द झाला आहे, कोणीही कुठेही उपरा असतो. तुम्हाला हवा आहे 'उपरी', एका वेलांटीच्या फरकाने. मिरासदार तो गावात मूळ हक्काचा, उपरी तो मिरास नसलेला कूळ. ही जोडी मराठी दप्तरांत शेकड्यांनी भेटते, आणि व्हिएतनामी गावातली आतले-बाहेरचे ही जोडी तिच्यात बरीचशी बसते. पूर्ण नाही, कारण आपल्या उपऱ्याची अडचण मुख्यतः जमिनीच्या हक्काची, त्यांच्या न्गू कूची जमिनीइतकीच चटईची. ते एका वाक्यात सांगून टाका. फक्त 'उपरी'चं अनेकवचन 'उपरी' ठेवायचं की 'उपऱ्या', यावर संपादक भांडतील. 'उपरी कुळं' लिहा, भांडण टळेल.