कार्डं पाठ, पेपरात गोंधळ

अमेरिकेतल्या मराठी आयांकडून ही काळजी वारंवार ऐकू येते: इतिहासातल्या राज्यकारभाराच्या संज्ञा मुलांना व्याख्यांच्या कार्डांवरून तोंडपाठ असतात, पेपरात मात्र एकीची व्याख्या दुसरीला चिकटते. न्यू जर्सीतल्या आठवीच्या एका मुलीची आईही व्हिडिओ कॉलवर हेच सांगत होती. "हुशार आहे हो मॅडम, पण मेहनत वाया जाते."

मी मुलीला विचारलं, "सेपरेशन ऑफ पॉवर्स?"

"सत्ता वाटून देणं."

"आणि फेडरलिझम?"

"तेही... सत्ता वाटणंच."

"कोणाकोणात?" ती गप्प.

पाठांतर पक्कं होतं, पण भांडण ठाऊक नव्हतं. माझ्या मते प्रत्येक संज्ञा कुठल्या तरी भांडणाचा तोडगा असते. भांडण कळलं की ती वेगळी पाठ करावी लागत नाही. म्हणून कार्डं बाजूला ठेवली.

"1786. मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजबरोबर उठलेत, कोर्टं बंद पाडताहेत. तू काँग्रेस, म्हणजे तेव्हाचं केंद्रीय विधिमंडळ आहेस. काय करशील?"

"सैन्य पाठवीन."

"पैसा?"

"कर लावून."

"आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे संविधानाआधीच्या राज्यांच्या करारात, तुला तो अधिकारच नाही."

"मग राज्यांकडे मागायचे? आणि नाही दिले तर?" जरा थांबून म्हणाली, "अच्छा, म्हणून 1787 मध्ये नवं संविधान लिहायला फिलाडेल्फियाला जमले!" लगेच पुढे, "पण केंद्र डोईजड झालं तर?"

हा प्रश्न मी सुचवला नव्हता. अँटी-फेडरॅलिस्टांची, म्हणजे त्या संविधानाच्या विरोधकांची, शंका तिची तिलाच सुचली होती. नागरिकांचे हक्क राखणारं 1791 चं बिल ऑफ राइट्स त्यानंतर तिला समजावावं लागलं नाही.

पुढचं काम सोपं. कार्डामागे व्याख्येऐवजी तीन ओळी: कुठे अडलं, वाद कोणात, तोडगा काय. ग्रेट कॉम्प्रोमाइज घ्या. लहान राज्यांना समान मत हवं, मोठ्यांना लोकसंख्येप्रमाणे. तोडगा म्हणून प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन.

गोंधळणाऱ्या संज्ञा शेजारी ठेवाव्यात. फेडरलिझम केंद्र आणि राज्यांत. सेपरेशन ऑफ पॉवर्स सरकारच्या तीन शाखांत: कायदेमंडळ, कार्यकारी आणि न्यायव्यवस्था. चेक्स अँड बॅलन्सेस म्हणजे त्या शाखांचा एकमेकींवर लगाम, जसा अध्यक्षांचा व्हेटो आणि तो उलटवणारी दोन्ही सभागृहांतली दोन-तृतीयांश मतं.

'फेडरॅलिस्ट'वर साल लिहायलाच हवं. 1788 मध्ये संविधान घडवणाऱ्यांपैकी एक, मॅडिसन, त्याच्या बाजूचे फेडरॅलिस्ट, तर 1790 च्या दशकात त्याच नावाच्या पक्षाविरुद्ध जेफर्सनबरोबर. इथे भलेभले फसतात.

रोज पाच-सहा कार्डं पुरेत, पण आदल्या दिवशीची मिसळून. आईने व्याख्या म्हणून घेऊ नये, "हे कशामुळे करावं लागलं?" एवढंच विचारावं, आणि उत्तर मराठी-इंग्रजी मिसळून आलं तरी चालवून घ्यावं.