गुहेतली मैफल : वाचकांचे प्रश्न

जमिनीखालच्या गुहांमध्ये होणाऱ्या संगीताच्या कार्यक्रमांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. गुहा म्हणजे पाण्याने चुनखडीत कोरलेली किंवा लाव्हारस वाहून गेल्यावर मागे राहिलेली नैसर्गिक पोकळी. माणसाने खोदलेली लेणी आणि खाणी यांचं गणित वेगळं असतं, म्हणून ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : कार्यक्रम ऐन उन्हाळ्यात आहे आणि सूचनापत्रात 'गरम कपडे आणा' असं लिहिलंय. खरंच लागतात का?

उत्तर : लागतात. वरचा खडक इतका जाड असतो की उन्हाळा-हिवाळ्याचे चढउतार खालपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे खोल गुहेतलं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहतं. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत बाराही महिने साधारण १० अंश सेल्सिअस असतं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या कंबरलँड कॅव्हर्न्समध्ये १३, तर त्याच राज्यात पेलम गावाजवळच्या 'द कॅव्हर्न्स'मध्ये १५. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या द्राक गुहेत मात्र २१च्या आसपास, म्हणजे तिथे पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो. तेव्हा आधी आपल्या गुहेचा आकडा विचारावा, मग कपडे ठरवावेत.

१५ अंशांत चालताना काही वाटत नाही. त्याच हवेत दोन तास हालचाल न करता बसलं की हुडहुडी भरते. त्यातून आर्द्रता बहुधा ९० टक्क्यांच्या वर असते, म्हणून अंगावर ओलावलेला कपडा वाळत नाही. फसगत होते ती इथेच : बाहेरच्या उन्हात रांगेत उभं राहून शर्ट घामाने भिजतो आणि तोच घालून माणूस खाली उतरतो. पिशवीत एक कोरडा शर्ट ठेवा, आत शिरण्याआधी बदला आणि वर स्वेटर चढवा. पायात लोकरी मोजे घाला. खुर्च्या बहुतेक घडीच्या, प्लास्टिकच्या किंवा लोखंडी असतात आणि गारठा खालून चढतो, त्यासाठी फोमची एक सेंटिमीटर जाडीची घडी बसायला घेतली तर जाकिटापेक्षाही जास्त उपयोग होतो. तोंडाजवळच्या जागा टाळा. गुहेला वर-खाली दोन तोंडं असतील तर ती धुराड्यासारखी वागते : हिवाळ्यात आतली ऊबदार हवा वरच्या तोंडाने निघून जाते आणि खालच्या तोंडातून बाहेरचा गार वारा आत ओढला जातो. उन्हाळ्यात हाच प्रवाह उलटा वाहतो. त्या झोतात बसणाऱ्याला १५ अंशांचा भरवसा देता येत नाही.

छतातून अधूनमधून थेंब पडतात. त्यासाठी टोपी पुरे, छत्री नको. मागच्यांना दिसत नाही.

प्रश्न : गुहेत आवाज निसर्गतःच उत्तम असतो, असं जाहिरातीत म्हणतात. मग कुठेही बसलं तरी चालेल ना?

उत्तर : जाहिरातीतलं हे वाक्य अर्धंच खरं आहे. गुहेच्या बाजूने दोन गोष्टी असतात. एक, बाहेरचा आवाज जवळजवळ शून्य, त्यामुळे अगदी हलका स्वरही ऐकू येतो. दुसरी, भिंती आणि छत खडबडीत असल्यामुळे आवाज एकाच दिशेने परत न फिरता चहूकडे विखुरतो. गुळगुळीत समांतर भिंतींच्या सभागृहात जो कर्कश 'टर्रर्र' प्रतिध्वनी येतो, तो इथे सहसा येत नाही.

विरुद्ध बाजूला आहे खडक. ओला चुनखडक आवाज शोषत नाही म्हटलं तरी चालेल. आवाज शोषणारे काय ते श्रोते, त्यांचे कपडे आणि असलीच तर जमिनीवरची माती. त्यामुळे स्वर घुमत राहतो. ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच दालन घ्या, म्हणजे १० हजार घनमीटर. आवाज विरायला ३ सेकंद लागतात असं धरा. ध्वनिशास्त्रातल्या नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर वाद्यापासून जेमतेम सव्वातीन मीटरवर थेट येणारा आणि भिंतींवरून फिरून येणारा आवाज सारखा होतो. त्यापलीकडे घुमाराच वरचढ. ध्वनिक्षेपक एका दिशेला रोखलेले असतात म्हणून हे अंतर वाढतं, पण तत्त्व तेच राहतं.

यावरून जागा निवडा. ध्वनिवर्धक नसलेली मैफल असेल, म्हणजे चार तारवाद्यांचं एकत्र वादन किंवा समूहगान, तर पहिल्या एक तृतीयांश रांगांत बसा. संथ आलापी आणि लांब स्वरांना घुमारा मानवतो, एकेक स्वर पुढच्या स्वराखाली अंथरला जातो. जलद लय आणि भराभर बोललेले शब्द मात्र एकमेकांत मिसळून चिखल होतो. ध्वनिवर्धक असतील तर मिक्सरचं टेबल शोधा आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगांत, शक्यतो मध्यरेषेवर बसा. आवाज सांभाळणारा माणूस जे ऐकून बटणं फिरवतो तेच तुम्हाला मिळेल. अगदी मागे, खडकाला पाठ लावून बसू नये, तिथे खर्जाचा आवाज फुगतो.

ढोलाचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू आला तर समोरची किंवा मागची भिंत दूर आहे असं समजा. ध्वनीचा वेग अशा हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ३० मीटरवरच्या भिंतीवर जाऊन परत यायला त्याला ०.१८ सेकंद लागतात आणि ०.०५ सेकंदांपेक्षा उशिरा आलेला तीक्ष्ण आवाज कानाला वेगळा कळतो. पाच-सहा खुर्च्या बाजूला सरकून पाहावं. कधी एवढ्यानेच फरक पडतो.

रॉकसारखा मोठा आवाज असेल तर कानात घालायचे बोळे न्या. ८५ डेसिबल आठ तास सोसतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ला एक तास, १००ला फक्त पंधरा मिनिटं.

प्रश्न : वादक दर दोन रचनांनंतर वाद्यं लावत होते. तयारी कमी होती का?

उत्तर : तयारीला बोल लावू नका. थंडीत पोलादी तार आखडते आणि तिचा स्वर चढतो. बासरीत नेमकं उलट होतं : गार हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून स्वर उतरतो. प्रत्येक अंशाला सुमारे ३ सेंट असा हा हिशेब आहे, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. २२ अंशांच्या खोलीत जुळवलेली बासरी १३ अंशांत २७ सेंट खाली येते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाव भागाहून किंचित जास्त. वादकाच्या फुंकेने ती हळूहळू तापते आणि स्वर पुन्हा वर सरकतो. कातडी ताणलेली वाद्यं ओल पिऊन सैल पडतात. म्हणजे तार चढतेय, चामडं उतरतंय आणि बासरी मध्येच हेलकावे खातेय. वाद्यं तास-दीड तास आधी खाली आणून, पेटीतून बाहेर काढून ठेवली तर त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गुहेत घातलेले बूट घालून येऊ नका, असं आयोजकांनी कळवलं आहे. हा अतिरेक नाही का?

उत्तर : अजिबात नाही. ही सूचना वटवाघुळांसाठी आहे. २००६ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघुळं पहिल्यांदा दिसली. त्या रोगाने उत्तर अमेरिकेत तेव्हापासून लाखो वटवाघुळं मेली. ही बुरशी थंडीत वाढते आणि वटवाघुळांच्या शीतनिद्रेत त्यांना पुन्हा पुन्हा जागं करते. साठवलेली चरबी वसंताआधीच संपते आणि प्राणी उपाशी मरतो. माणसाला तिचा धोका नाही, कारण आपल्या अंगाची ऊब तिला सोसत नाही. पण बीजाणू चिखलातून बुटांवर, पिशवीवर, जाकिटावर बसतात आणि धुतल्यासारखे दिसले तरी टिकून राहतात.

दुसरे बूट असतील तर तेच घाला. नसतील तर चिखल आधी घासून काढा. कपडे, पट्टे आणि पाण्यात बुडवता येणाऱ्या वस्तू ५५ अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडवून २० मिनिटं ठेवा. पाणी मध्ये निवतं, म्हणून तापमापी हवा. परतताना दाराशी ओली चटई असली तर तिच्यावरून नीट पाय टेकवत चाला, उडी मारून ओलांडू नका.

प्रश्न : आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि बंद जागेची थोडी भीतीही. तिला न्यावं का?

उत्तर : तिकीट काढण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा : तोंडापासून खुर्चीपर्यंत अंतर किती, पायऱ्या किती, वाटेत सर्वांत कमी उंची किती आणि स्वच्छतागृह आत आहे की वर. 'थोडं चालावं लागतं' हे उत्तर मान्य करू नका, मीटरमध्ये विचारा. उतरणं सोपं वाटतं, पण गुडघ्यांना खरा त्रास ओल्या उतारावर उतरतानाच होतो, म्हणून रबरी टोकाची काठी द्या. चाकाची खुर्ची काही गुहांत थेट जाते, काहींत अजिबात नाही.

भीतीचं म्हणाल तर मैफलीचं दालन बहुधा प्रशस्त असतं. पोस्तोयनाच्या संगीत दालनात दहा हजार माणसं मावतात असं सांगतात. धसका बसतो तो दालनाच्या आधीच्या अरुंद वाटेत, गर्दी अडून राहते तेव्हा. दारं उघडताच पहिल्या गटात न्या किंवा सगळे गेल्यावर शेवटी. कडेची खुर्ची घ्या. काही कार्यक्रमांत मध्येच दिवे पूर्ण मालवतात, ते आईला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : फोन चालतो का?

उत्तर : बहुधा नाही. तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून किंवा छापून घ्या. बाहेर कुठे भेटायचं ते उतरण्यापूर्वी ठरवा. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर सिग्नल शोधता शोधता बॅटरी संपते आणि वर आल्यावर गाडी मागवायलाही उरत नाही.

प्रश्न : चष्मा आणि कॅमेऱ्याची भिंग धुकट होते, त्यावर उपाय?

उत्तर : गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर पाणी जमतं. हिवाळ्यात हे आत शिरताना होतं, उन्हाळ्यात बाहेर पडताना. पुसत बसू नका, पुन्हा जमतं. कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या आणि अर्ध्या तासाने काढा. फ्लॅश वापरू नका. द्राक गुहेत तर कार्यक्रम चालू असताना छायाचित्रांनाच बंदी असते. १९३०च्या दशकापासून तिथे भूमिगत तळ्यावर दिव्यांनी सजलेल्या नावांतून व्हायोलिन आणि चेलो वाजत येतात, बाकी सगळा काळोख. एका फ्लॅशने शेकडो लोकांची ती दहा मिनिटं वाया जातात.

प्रश्न : मैफलींमुळे गुहेचं नुकसान होतं का? होत असेल तर जाऊच नये का?

उत्तर : होतं. किती, हे गुहेवर आणि आयोजकांवर ठरतं. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो आणि तासाला १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाचशे श्रोते म्हणजे ५० किलोवॅटची शेगडी आणि तासाला सुमारे ९ घनमीटर वायू. वर हिशेबात घेतलेल्या दालनात वारा खेळता नसेल तर तासाभरात त्याचं प्रमाण ९०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ९०० भागांनी) वाढेल, बाहेरच्या हवेत ते सगळं मिळून ४२०च्या आसपास असतं. श्वासातली वाफ गार खडकावर जमते, त्यात हा वायू विरघळतो आणि ते आंबट पाणी चुनखडी खाऊ लागतं. दिव्यांच्या उजेडात हिरवं शेवाळ धरतं ते वेगळंच. फ्रान्समधली लास्को गुहा, जिथे मैफली नव्हत्या, नुसते प्रेक्षक होते, ती याच कारणांनी १९६३मध्ये बंद करावी लागली.

हाताचा स्पर्श हे साधं पण कायमचं नुकसान. त्वचेचं तेल लवणस्तंभावर बसलं की पाणी तिथे पूर्वीसारखं पसरत नाही. हे स्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके, कधी त्याहूनही सावकाश वाढतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कँगो गुहेत भरणाऱ्या मैफली श्रोत्यांच्या मोडतोडीमुळे थांबवाव्या लागल्या. उलट अमेरिकेतल्या लुरे कॅव्हर्न्समध्ये लेलँड स्प्रिंकल यांनी १९५४पासून लवणस्तंभांचंच वाद्य केलं : साडेतीन एकरांत विखुरलेले ३७ स्तंभ, त्यांवर विजेवर चालणारे रबरी हातोडे, समोर ऑर्गनची पट्टी. स्वर जुळवण्यासाठी काही स्तंभ घासले गेले. ऐकायला विलक्षण, पण आज कोणी नव्याने असं करायला परवानगी मागितली तर आमचं मत नकाराच्या बाजूने पडेल.

जावं, पण बघून. श्रोत्यांची संख्या ठरवलेली आहे का? दिवे फक्त कार्यक्रमापुरते लागतात का? वटवाघुळं निजतात त्या महिन्यांत दालन बंद असतं का? या तीन प्रश्नांना आयोजकांकडे उत्तर नसेल, तर आम्ही त्या तिकिटाची शिफारस करणार नाही.

प्रश्न : आत वीज गेली किंवा बाहेर मुसळधार पाऊस लागला तर?

उत्तर : वीज गेल्यास जागेवर बसून राहा. आपत्कालीन दिवे लागेपर्यंत उठू नका, ओल्या उतारावर अंधारात एक जण घसरला की मागचे दहा पडतात. वाट बहुधा एकच असते, म्हणून रांगेनुसार बाहेर काढतात आणि त्याला वेळ लागतो. खिशात लहान विजेरी ठेवा, फोनचा दिवा मोजू नका. पावसाची गोष्ट निराळी : जिच्यातून ओढा किंवा नदी वाहते अशा गुहेत वर पडलेलं पाणी काही तासांतच खाली येतं. अशा वेळी आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला तर वाद घालू नका. तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा नियम काय आहे, ते मात्र विकत घेतानाच वाचा.